स्टिअरिंग डावीकडे

रविवार, २ मार्च. सकाळी ७.
ठरलं. मे महिन्यातल्या सहलीत पॅरिसहून स्वित्झर्लंडला कारने जायचं. कार भाड्याची, चालवणार मी. काल दिवसभर बसून एक्सेलमध्ये तक्ता केला : विमान, रेल्वे, बस, कार. निकष अकरा. कारला शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क. निकष मीच ठरवले, पण मार्क देताना अजिबात पक्षपात केलेला नाही.

सकाळी ९.
घरात जाहीर केलं. संयोगिता म्हणाली, रेल्वे तीन तासांत सोडते, आक्कांना (म्हणजे माझ्या आईला) गाडी लागते, आणि अहो, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली? बायकोने नवऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत. पंधरा वर्षं मंगळवार पेठेतून कागल एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत गाडी मीच नेतो. स्टिअरिंग ड्रायव्हर फक्रुद्दीनच्या हातात असतं, एवढंच. कुठे ओव्हरटेक मारायचं, कुठे दाबून ठेवायचं, कुठला खड्डा चुकवायचा, सगळं शेजारी बसून मी सांगतो.
शिवाय युरोपात स्टिअरिंग डावीकडे. मी पंधरा वर्षं डावीकडेच बसतोय. म्हणजे तयारी झालेलीच आहे.
मुलगी वर्षाराणी कॉलेजात शिकते, तरी तिला हा मुद्दा कळला नाही. हसत सुटली.  आई लिंबू शोधत होती.

सोमवार, ३ मार्च.
मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकलं. सम्राटने लिहिलं, नाद खुळा! पण बॉर्डरच्या बोर्डाजवळ स्टेरिंगवर बसलेला फोटू पायजे, न्हायतर नाष्टा तुझ्याकडनं. मी लिहिलं, फोटो येणार. एकवीस जणांनी अंगठा दाखवला. आता माघार नाही.

सोमवार, १० मार्च.
इंटरनॅशनल परमिटसाठी लायसन्स कपाटातून काढलं. मुदत संपून दोन वर्षं झाली. कुणी सांगितलंच नाही. घरात तीन माणसं आहेत, पैकी एकीने तरी लक्ष ठेवायला हवं होतं.
चौकशी केली. वर्षाहून जास्त झाल्यामुळे पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागणार. एका अर्थी बरंच. माझ्या ड्रायव्हिंगवर सरकारी शिक्का बसेल.
संकल्प : रोज सकाळी सहाला कारखान्याच्या आवारात एक तास सराव.

मंगळवार, ११ मार्च.
सहाला जाग आली. सराव उद्यापासून.

रविवार, १६ मार्च.
तो ‘उद्या’ आज उजाडला. फक्रुद्दीन शेजारी. तीन वेळा गाडी बंद पडली. क्लच खराब झालाय. फक्रुद्दीन म्हणाला, मालक, काल मी चालवली तवा तर बरा हुता की. मी म्हटलं, काल मी शेजारी होतो.
रिव्हर्स घेताना भंगाराचा ढीग आडवा आला. मागचा दिवा गेला. तो ढीग तिथे ठेवायला नको होता. सुपरवायझरला झापलं. तो म्हणाला, साहेब, गेली सहा वर्षं तिथंच हाय.

रविवार, ३० मार्च.
सराव एकूण दोनदा. मार्चअखेरची गडबड. पण मनात रोज गाडी चालवतो, तेही महत्त्वाचं.
एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथे लिहितो. बाबा आईला त्यांच्या एम-ऐंशी स्कूटरवर मागे बसवून जोतिबाला न्यायचे. ती अजून सांगते. मी मोठी गाडी घेतली, पण आईला कधी स्वतः चालवत कुठे नेलं नाही. ती मागे बसते, मी पुढे बसून फोनवर बोलतो. एकदा तरी तिला माझ्या हाताने घेऊन जायचंय. सम्राटच्या फोटोचं नंतर बघू.

शुक्रवार, ११ एप्रिल. दुपारी २.
टेस्ट झाली. निकालाबद्दल सविस्तर लिहायची गरज नाही.

दुपारी ३.
लिहितोच. ट्रॅकवर गाडी उभी होती. मी रुबाबात दार उघडलं, बसलो, बेल्ट लावला. समोर डॅशबोर्ड. स्टिअरिंग नाही. सवयीने डावीकडे बसलो होतो. इन्स्पेक्टर खिडकीतून वाकून म्हणाले, पावणं, चालवणार कोण?
मग उजवीकडे गेलो. इंग्रजी आठचा आकडा काढायचा होता. तोंडाने सगळं अचूक सांगत होतो : हळू, आता उजवीकडे घे, सांभाळ, खांब हाय. हातांना वेळेवर ऐकू गेलं नाही. दोन खांब पडले. इन्स्पेक्टर म्हणाले, सूचना चांगल्या हायत, पण माणूस दुसरा आणा.
फक्रुद्दीन गेटवर उभा होता.  त्याने डावं दार उघडून धरलं.

रात्री, जेवणानंतर.
पुन्हा तक्ता केला. पर्यावरण हा निकष राहून गेला होता. रेल्वेला सत्त्याण्णव. घरात सांगितलं की मी रेल्वेचा निर्णय घेतलाय. संयोगिता म्हणाली, बरं झालं, आणि पापड वाढला. तिकिटं तिने फोनवर दाखवली. बुकिंगची तारीख २ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

बुधवार, २१ मे. पॅरिस ते बासेल, रेल्वेत.
गाडी ताशी तीनशेने पळते आहे. आईला काही होत नाही. लिंबू पिशवीतच. भडंग खात खिडकीतून बघते आहे. बॉर्डर आली की आधी फोटो काढायचा. स्टिअरिंग नसलं तरी बॉर्डर तर आहे. डोळा लागू द्यायचा नाही, हा संकल्प.

त्याच दिवशी. बासेल स्टेशन.
बॉर्डर गेली. मी झोपलो होतो. वर्षाराणीने फोटो काढून माझ्याच फोनवरून ग्रुपवर टाकलाय : मान मागे, तोंड उघडं. सम्राटने नाष्ट्याची तारीख विचारली आहे.
आईला म्हटलं, मला उठवायचं नाही का? आई म्हणाली, कशाला उठवू? झोपंत सारखा उजवा पाय दाबत हुतास, बिरेक मारल्यागत. म्हणून तर मला घोर न्हवता.
ती हे चेष्टेने म्हणाली नाही. मी तिची पिशवी उचलून घेतली.
पुढच्या गाडीत आईच्या शेजारची सीट मिळाली. डावीकडची.