शास्त्राभ्यास, सावित्रीबाईंविरुद्ध

१ नोव्हेंबर १९३१, रविवार
अपमान! चर्चमध्ये, भर उपासनेत! बायबलातला शास्त्रपाठ मी वाचत होतो. ‘सूड घेऊ नका’ यातला ‘नका’ जरासा राहिला. छपाईच बारीक. तर मिशनशाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, “विश्वासराव, नका! नका राहिलं!” पोरं फिदीफिदी हसली. संध्याकाळी पाद्रीसाहेबांचा निरोप: यापुढे पाठ सावित्रीबाई वाचतील.
बघतोच.

२ नोव्हेंबर
निश्चय. अख्खं शास्त्र पहिल्या पानापासून वाचायचं. मग बाईंना असं पकडायचं की त्यांनी होऊन चिपळूणला बदली मागितली पाहिजे. रोज पहाटे उठणार.

३ नोव्हेंबर
पहाट हुकली. चष्माही जुना. बायकोने, विमलाने, वाचावं आणि मी ऐकावं असं ठरलं. ऐकणं हाही अभ्यासच. डोळे मिटले की एकाग्रता वाढते. विमला म्हणते, घोरता. तिला चिंतन कळत नाही.

७ नोव्हेंबर
विमला आता पुस्तक खाली ठेवत नाही. पुढे काय झालं म्हणून एकटीच वाचते. बांगड्याचं कालवण करपलं. सुडासाठी सोसलं.

११ नोव्हेंबर, बुधवार
सावित्रीबाईंच्या शास्त्रवर्गात मुद्दाम गेलो. विचारलं, मोशेच्या सासऱ्याचं नाव काय? म्हणाल्या, “इथ्रो. रगुवेलही म्हटलंय.” मी गरजलो, “साफ चूक! इथ्रो एकच!” तर बायकांतून विमला: “अहो, दोन्ही आहे. रगुवेल आला तेव्हा तुम्ही घोरत होतात.”
घरातच फितुरी.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सावित्रीबाईंचा घसा बसला. देव न्यायी आहे! उद्याचा पाठ माझा, निवडही माझी. गर्विष्ठ, तोंडाळ माणसाचा धिक्कार करणारं एक जळजळीत स्तोत्र विमलाने शोधून दिलं. उद्या बाईंना पळता भुई थोडी.

१५ नोव्हेंबर, रविवार
वाचलं. नजर सारखी सावित्रीबाईंवर. शेवटी संतापाने आवाज कापला, डोळ्यांत पाणी आलं. पाद्रीसाहेबांनी येऊन मिठीच मारली. म्हणाले, “विश्वासरावांनी आज सगळ्यांसमोर स्वतःचा गर्व कबूल केला.” सावित्रीबाई रडत पुढे आल्या आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, “मी तुम्हाला मनापासून क्षमा केली.” सगळे ‘आमेन’ म्हणाले.
मीही म्हणालो. काय करणार?

१८ नोव्हेंबर, बुधवार
पाद्रीसाहेबांच्या आग्रहावरून सावित्रीबाईंच्या वर्गात नाव घातलं. शत्रूवर जवळून नजर राहील. आज एक स्तोत्र तोंडपाठ म्हटलं. बाई म्हणाल्या, “शाबास!”
बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.