कर्नलची चाल आणि माझी कळशी

११ जुलै १९७१, रविवार
कर्नल आज पुन्हा उठता उठता बसला! मागचे पाय गोळा केले, जोर लावला आणि धप्पकन खाली. वर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ढकललं.

खरा कर्नल नगरच्या कॅम्पात राहतो. हा त्याच्या अल्सेशियन कुत्रीचं पिल्लू. मामंजींनी सगळ्या पिल्लांतून निवडून आणला – बैल निवडतात तसा. दात पाहिले, भोवरा पाहिला, शेपूट ओढली, पुठ्ठ्यावर थाप मारली. दिवाळीत टोपलीत मावत होता, आता मामंजींच्या बाजेवर मावत नाही. रोज शेंगदाण्याची पेंड, दूध, आणि बैलगाडीमागे घोडेगावपर्यंत पळणं. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखे. मामंजी गावाला दाखवतात – "शर्यतीच्या खोंडाची चाल हाय!"

मामंजींपुढे कोण बोलणार? घोडेगावच्या बाजारात लोक बैल आधी आप्पासाहेबांना, म्हणजे मामंजींना दाखवतात, मग घेतात. त्यांची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे फसतात. बैल बघायचा, मान हलवायची, निघून जायचं. थोड्या वेळाने काठी राहिली म्हणून अचानक मागे वळायचं. मालक गाफील, बैल गाफील – खरी चाल तेव्हा दिसते.

कर्नलची चाल मात्र मला ओळखीची वाटते. का, ते नंतर लिहीन. सासूबाई इकडेच येतायत.

१४ जुलै
आज घरात कोणी नाही. लिहून टाकते.

माझा डावा पाय बोटभर आखूड आहे. खुबा जन्मापासून जागेवर नाही. मला पाहायला आले तेव्हा आईने मला आधीच पाटावर बसवून ठेवलं, आणि माणसं दाराबाहेर गेल्यावरच उठवलं. मामंजी उपरणं न्यायला परत आले तेव्हा आईच्या काळजाचं पाणी पाणी झालं – पण मी तोवर चार पावलं टाकून चुलीपाशी पोचले होते. जमलं लग्न!

यांना लगेच कळलं. हसले. म्हणाले, आप्पांना कळू देऊ नको, भर बाजारात खोड सांगतील.

म्हणून मी घरात कधी रिकाम्या हाताने चालत नाही. कमरेवर कळशी असली की सगळ्याच बायका एका अंगाला झुकतात! पाणी आणते, कर्दळीला ओतते, पुन्हा आणते. सासूबाई शेजारच्या छबूबाईला सांगतात, "आमची सून लई कामसू. बूड टेकत न्हाई." कर्दळ बिचारी पाणी पिऊन पिऊन पिवळी पडलीय.

१९ जुलै
नगरला जाऊन आलो. हे, मी आणि कर्नल – यांच्या कारखान्याच्या जीपमध्ये. मी कशाला? तर जनावराला धरायला. मामंजी आले नाहीत. म्हणाले, चांगल्या जनावराला डाक्टर कशाला.

कॅम्पातला जनावरांचा डॉक्टर मेजर आहे, पंजाबी. कर्नलला उताणा पाडून मागचे पाय ताणून हाडांचा फोटो काढला. धरायला तीन जवान आणि डोक्याशी मी. कर्नलने एका जवानाची टोपी खाल्ली. सगळी नाही, पुढची.

मग मेजरने फोटो खिडकीला लावला. एका हाताची वाटी केली, दुसऱ्याची मूठ, आणि मूठ वाटीत फिरवून दाखवली. खुब्याची वाटी उथळ आहे, गोळा तिच्यात बसत नाही, घसरतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत असतं. जन्माचं आहे, औषध नाही. पळवू नका, उड्या नकोत, अंगावर चरबी चढू देऊ नका. रोज थोडं हळूहळू चालवा. जगेल, पण दुखेल.

वाटी उथळ आहे, गोळा बसत नाही. लहानपणी पुण्याच्या डॉक्टरने हेच सांगितलं होतं, अशीच मूठ फिरवून. मी वडिलांचं धोतर धरून उभी होते. डोळे भरून आले. मेजर म्हणाला, "बेटी, कुत्ता मरेगा नहीं." मी मान हलवली. आता मी कुणासाठी रडत होते ते त्याला काय सांगू?

२० जुलै
मामंजींनी फोटो हातातही घेतला नाही. कर्नलला अंगणात चालवला. परत चालवला. बघता बघता बिडी बोटाला लागली तेव्हा कुठे हात झटकला. गोठ्यात गेले. रात्री भाकरी चिवडली आणि उठले.

सासूबाईंच्या मते छबूबाईची दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कर्नलला ठसका, मला ठसका. दृष्टीचं माहीत नाही, छबूबाई मात्र दिवसभर फिरकली नाही. तेवढाच फायदा.

२५ जुलै
कर्नलचं जेवण निम्म्यावर आणलं, तरी तो वाळेना! पाळत ठेवली. सासूबाई पदराआड तुपाची भाकरी नेतात – "उपाशी लेकराचा तळतळाट लागंल." ठीक. पुढे गेले, तर गोठ्यात मामंजी. हातात दुधाचा तांब्या, समोर कर्नल, दोघेही चोरासारखे! आणि रविवारी घरी असले की हे बिस्किटं देतात, ते वेगळंच.

जेवताना जाहीर केलं – जो कर्नलला चोरून घालेल, त्याच्या ताटात तेवढंच कमी. मामंजींना अर्धीच भाकरी वाढली. सासूबाई हबकल्या. मामंजी गुपचूप जेवले. त्या दुधाबद्दल ताकही बंद करणार होते, पण म्हटलं जाऊ दे, वडीलधारे आहेत.

२९ जुलै
आज हसू नाही.

बाजारात कुणीतरी मामंजींना विचारलं, कुत्रं बी बैलासारखं निवडलं व्हय? सगळा बाजार हसला म्हणे. मामंजी दुपारीच परत आले. काठी भिंतीला टेकवली आणि सासूबाईंना म्हणाले, "खोडीचं जनावर मी घरात ठेवत न्हाई."

खर्ड्याच्या भिमाजींना मोसंबीच्या बागेला कुत्रा हवाय. आठ तारखेच्या रविवारी बघायला येणार. मामंजींनी आजवर खोड सांगितल्याशिवाय जनावर विकलेलं नाही. पण आज म्हणाले, कुत्र्याला कुठं बाजाराचा नेम असतो. बसवून दाखवू, बसलेला वाघासारखा दिसतो.

मी चूल फुंकत होते. धूर डोळ्यांत गेला असं म्हणायची सोय होती. खोडीचं ठेवत नाहीत. मग मी कळशी घेऊन कुठवर फिरू?

७ ऑगस्ट
रडून झालं. आता डोकं चालवते.

कर्नलला बसवून ठेवणार – म्हणजे माझ्या आईचीच युक्ती! तिच्यावरचा उतारा माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? उद्या बोलणी रंगात आली की अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला तुपाची भाकरी टाकायची. कर्नल उठणार, धडपडणार, सशासारखा उडत जाणार. भिमाजी खर्ड्याला, कर्नल घरी. मामंजी मला काय करतील ते करोत.

८ ऑगस्ट, रविवार
भिमाजी आले. मिशा कर्नलच्या शेपटीपेक्षा झुपकेदार. ओट्यावर घोंगडी अंथरून कर्नलला बसवला होता. आंघोळ घातलेला, विंचरलेला. सासूबाईंनी कांदेपोहेसुद्धा केले! फक्त "स्वयंपाक येतो का" एवढंच विचारायचं राहिलं. भिमाजी छातीवर खूश, कानांवर खूश. चालवून बघू, असं म्हणालेच नाहीत.

मी दाराआड. कमरेवर कळशी, पदरात भाकरी. हात उचलला, तेवढ्यात मामंजी बोलले.

"भिमाजी, ह्याचे मागचे खुबे बाद हाईत. निवडताना मला दिसलं न्हाई."

माझा हात तसाच वर. भिमाजींनी पोह्याचा घास संपवला, मिशा पुसल्या. म्हणाले, "असू द्या की. दोन वर्सं तर भुंकंल. मग देऊ माळावर सोडून."

मामंजींनी पानाचं तबक पुढे सरकवलं. आमच्याकडे पान म्हणजे या आता.

"न्हाई भिमाजी. चाल बिघडली म्हनून कुनाला माळावर सोडत न्हाईत आमच्यात."

माझ्या हातातली भाकरी कधी पडली कळलंच नाही. कर्नलला मात्र कळलं. ओट्यावरून धडपडत उतरला, उडत आला, गिळून मोकळा! मामंजींनी भाकरीकडे पाहिलं, मग दाराकडे. मी कळशी सावरली आणि पाणी आणायला गेले. आड भरलेला होता, माझे डोळेही.

९ ऑगस्ट
कालची भाकरी तुपाची होती. कर्नलचं एक जेवण बंद. नियमाप्रमाणे माझंही.

१९ ऑगस्ट, गुरुवार
आज खांदेमळणी. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले. उद्या पोळा, उद्या त्यांना आराम. वाटीत थोडं तूप उरलं. मामंजी ती वाटी घेऊन कर्नलपाशी बसले आणि त्याचे दोन्ही खुबे मळायला लागले. सावकाश, बैलाचे मळतात तसेच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला – कुत्र्याची कुठं खांदेमळणी असती?

"माझ्या गाडीमागं ह्या खुब्यांवर पळालंय ते," मामंजी म्हणाले.

कर्नल तेवढ्यात मान वळवून तूप चाटत होता. एक महिन्याचं पथ्य गेलं! मी कळशी घेऊन निघाले.

"सूनबाई."

थांबले. मामंजींनी वर पाहिलं नाही, हात चालूच होता.

"कर्दळ कुजली बग. आता कळशी ठिव."

मी म्हटलं, पाणी लागतंच घरात.

"बाजारात काठी इसरतो का मी कधी?" म्हणाले. "त्या दिसी तुमच्या घरी उपरणं बी इसरलो नव्हतो."

२० ऑगस्ट, पोळा
कळशी उतरंडीवर पालथी घातली. दारापासून गोठ्यापर्यंत रिकाम्या हाताने चालत गेले, बैलांसाठी पुरणपोळीचा नैवेद्य आणायला परत आले, पुन्हा गेले. मागे कर्नल. कुंपणावरून छबूबाई बघत राहिली.

बघू दे.