बसच्या वेळची ताडपत्री

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. (अंगणात एवढी धूळ आहे की खरा दंडवत घातला तर उठल्यावर घरचे ओळखायचे नाहीत, म्हणून कागदावरच घालतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे विहिरीत बादली सोडली की खण्णकन वाजते आणि तळातला बेडूक दचकून वर बघतो, तितपत ठीक.

पत्राचं कारण हवामान, दुसरं काही नाही. बाबांनी तसं बजावलंय. तर, पेरलेलं उगवलं, वीतभर वाढलं, आणि आमच्या तोंडाकडे बघत वाळून गेलं. दुबार पेरणी केली, ती पाखरांनी वेचून खाल्ली. (त्यांनी तरी कुठे जायचं?) मोबाईलवर रोज सकाळी 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' असा निरोप येतो. ते तुरळक ठिकाण सापडलं तर बाबा तिथेच राहायला जाणार आहेत.

मग बाबांनी पाणाड्या आणला. जमिनीखालचं पाणी काठीने सांगणारा हा गृहस्थ सगळं शेत तुडवून अखेर आमच्या स्वयंपाकघरात शिरला, आणि माठासमोर त्याची काठी वाकली. इथे पाणी आहे म्हणाला. ते आम्हालाही दिसत होतं! तुझ्या भावजयीने तसं तोंडावर सांगितलंही, पण बाबा हट्टाला पेटले. फरशी उखडली, पुरुषभर खड्डा झाला, आणि निघाली कोरडी ठाक माती. आता ओसरीवर स्वयंपाक होतो, खड्ड्यात मांजर व्यालीय, आणि घरात माझ्याशी धड बोलते ती तेवढी मांजरच.

लोकांच्या मते दोष ढगांचा नाही, तुझा. तू माहेरी आलीस की आभाळ फाटायचं, हे लहानथोर सगळे जाणतात. बाळंतपणाला आलीस तर छप्पर गळलं, सहज आलीस तर ओढ्यावरचा पूल गेला. शेवटची आलीस तेव्हा खळ्यावर धान्य पसरलं होतं. बसमधून तुझा पाय खाली पडतो न पडतो तोच अशी सर कोसळली की सगळी रास भिजली (पुढे दोन दिवसांत तिला मोड आले). बाबा तिथल्या तिथे, भावोजींदेखत बोलून गेले, "पुढच्या खेपेला पीक घरात आल्यावर ये." तू चहाही न घेता परतीच्या बसमध्ये बसलीस. तेव्हापासून तू नाहीस, आणि पाऊसही नावापुरताच. लोहार, दूधवाला, वाण्याची म्हातारी, जो तो मला हटकतो, ताई कधी येणार? (एवढी चौकशी तुझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.) बाबांसमोर मात्र कुणी ब्र काढत नाही. ते म्हणतात, हवामान हे शास्त्र आहे, त्यात लेकीबाळींचा काय संबंध!

पण ताई, रोज दुपारी बसची वेळ झाली की हे शास्त्रज्ञ उठतात आणि उरल्यासुरल्या वैरणीवर ताडपत्री घालतात. वर आभाळ लख्ख. बस येते, कुणी उतरत नाही, धुरळा खाली बसतो. मग बाबा ताडपत्री काढतात आणि नीट घडी घालतात. आधी मला हसू यायचं. आता बघवत नाही गं.

तुझा,
धाकटा

ता. क. तू येऊ नकोस. ऊन फार आहे. (तुझी खोली बाबांनी स्वतः झाडून घेतलीय, पण ती उंदरांमुळे, असं ते म्हणतात.)

आणखी एक: वरचं मनावर घेऊ नकोस. ये. पाऊस नाही आला तरी ये.

शेवटचं: पत्र चार दिवस पडून होतं, आज पाकीट चिकटवताना बाबांनी ते हिसकावून वाचलं. ताडपत्रीचं सगळं खोटं आहे, खोडून टाक म्हणाले. वैरण कालच संपली, बैल मामांकडे पाठवले, तरी आज बसच्या वेळी ताडपत्री मांडीवर घेऊन बसले होते. मी काही खोडलं नाही. मग आपणहून म्हणाले, "लिही तिला, यंदा भिजण्यासारखं काही उरलं नाही. आता ये म्हणावं."