ताईची ओळ

रविवार, ९ मार्च
दुपारचे दोन

प्रिय ताईस,

नमस्कार. आईलाही नमस्कार, कारण हे तुला वाचून दाखवणार तीच. मी बरा आहे. खोलीतला नळ गळायचा तो अखेर दुरुस्त केला, शेजारच्या शिंप्याने दहादा टोकल्यावर. गुडघा ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, आईने विचारायच्या आत सांगून टाकतो.

तू म्हणशील, पत्र कसलं लिहितोस, फोन काय मेलाय का? फोनवर जमत नाही गं. मी नुसतं हॅलो म्हटलं तरी मी काय लपवतोय ते तुला कळतं. कॉम्प्युटरवर पाठवावं, तुझं तू ऐकशील, तर आई सांगते की दोन महिने तू त्याला हात लावलेला नाहीस, वर टॉवेल टाकून ठेवला आहेस. म्हणून कागद.

आई, एक तुझ्यासाठी. वाईट बातमी आली की वाचताना गाळायची तुला सवय आहे. मामाच्या आजारपणातली पत्रं तू अशीच अर्धीमुर्धी वाचलीस. आणि गाळण्याआधी तू घसा खाकरतेस, हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत आहे. आज गाळू नकोस.

तर ऑफिसचं. तुमच्या हॉस्पिटलचे स्क्रीन आम्ही बनवतो ते एका फ्रेमवर्कवर उभे असतात, म्हणजे तयार सांगाडाच. बटणं, याद्या, कॅलेंडर असले सुटे भाग त्यातच मिळतात. सांगाडा बनवणारे मधूनमधून नवी आवृत्ती काढतात आणि काही जुने भाग बंद करतात. या खेपेला त्यांनी कॅलेंडर बंद केलं, म्हणजे तू ज्यावर पेशंटना तारखा द्यायचीस ते. अचानक नाही, चांगलं वर्षभर आधी सांगून. रोज सकाळी काम सुरू केलं की पिवळ्या अक्षरांत सूचना यायची, हा भाग जाणार आहे, दुसरा शोधा. मी ती न वाचता वर सरकवायचो. शेवटी त्रेपन्न स्क्रीनवरची कॅलेंडरं बदलायला तीन आठवडे उरले.

जुनं दिसायला गबाळं होतं. पण खालचा बाण दाबला की आठवडा पुढे, बाजूचा दाबला की एक दिवस, आणि दर वेळी कॉम्प्युटरमधला आवाज तारीख-वार बोलायचा. पलीकडच्या माणसाचं रडगाणं संपायच्या आत तू त्याला तारीख दिलेली असायची. चौकशी कक्षात डोळे असलेल्या चौघी, आणि सगळ्यांत भरभर तू, असं तुमच्या कक्षाच्या मुख्य बाईच सांगायच्या. नऊ वर्षं.

नवं मी फुकट मिळणाऱ्यांतलं उचललं. गोल कोपरे, फिकट निळा रंग. साहेब खूश.

काम पाठवण्याआधी आम्ही एका यादीवर टिक करतो, तुला मागे सांगितलं होतं. तू नोकरीला लागलीस तेव्हा मी त्यात एक ओळ घातली होती. 'डोळे मिटून, नुसत्या कीबोर्डवर, आवाज ऐकत एक तारीख देऊन पाहिली.' ऑफिसात तिला ताईची ओळ म्हणतात. लहानपणी रस्त्यात काय काय दिसतं ते तुला सांगायचो म्हणून तू मला डोळ्या म्हणायला लागलीस, आणि या ओळीपायी ऑफिसातले मला डोळेमिट्या म्हणतात. हसू देत. मी खरंच डोळे मिटायचो.

नवं कॅलेंडर पाठवायच्या शुक्रवारी एसी बंद होता. दोघं रजेवर होते. साहेब दर दहा मिनिटांनी खुर्चीमागे येऊन उभे राहत होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि डोळे मिटायला लागतो एक मिनिट. मी नुसती टिक केली.

सोमवारी तुझा फोन आला की तारीख हलत नाही, आवाज नुसतं बटण, बटण म्हणतोय. मी म्हटलं, मशीन बंद करून चालू कर. मंगळवारी म्हटलं, तुझा कीबोर्ड जुना झालाय. मंगळवारी सकाळीच मी डोळे मिटून पाहिलं होतं, ताई. मला माहीत होतं.

माझी पाचावर धारण बसली. जुनी आवृत्ती परत लावायची तर टिक खोटी होती हे साहेबांना सांगावं लागणार. म्हटलं, दोन दिवसांत गुपचूप दुरुस्त करू, वेळ मारून नेऊ. दोनाचे अठरा दिवस झाले.

तू मात्र कितीदा बटण दाबलं की कुठला दिवस येतो ते मोजून पाठ केलंस. मनात आकडे मोजत तारखा देत राहिलीस आणि एकदा एकाने चुकलीस. तो म्हातारा दोन गाड्या बदलून, उपाशीपोटी आला, आणि त्या दिवशी डॉक्टर नसतात. काचेपलीकडून तो काय काय बोलला ते तू मला सांगितलं नाहीस, बाईंनी सांगितलं. बाईंनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, चूक माझी. बाराव्या दिवशी तू राजीनामा दिलास.

माझं कॅलेंडर अठराव्या दिवशी बोलायला लागलं.

परवा साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चांगलं झाडतील. त्यांनी तक्रारींची नोंद उघडून दाखवली. तुझ्या तक्रारीपुढे लिहिलं होतं, 'वापरणारी व्यक्ती आता कामावर नाही. तक्रार बंद.' म्हणाले, झालं गेलं, कशाला उकरतोस? आणि माझ्यासमोर त्यांनी यादीतून ताईची ओळ काढून टाकली, आता तसं वापरणारं कोणी उरलं नाही म्हणून. मी माझ्या खुर्चीवर परत आलो. बाईंनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ऐकून वाईट वाटलं, पण जागा भरली आहे.

आई, घोटभर पाणी पी. अजून एक आहे.

मागच्या महिन्यात घरी आलो होतो. आई आत होती. तू मटार सोलत होतीस, मी समोर पेपर धरून. तू विचारलंस, "बोटं म्हातारी होतात का रे? सेहेचाळिसाव्या वर्षी?"

तुझ्या चार शेंगा सोलून झाल्या, मी पेपरचं पान उलटलं. मग म्हटलं, "होतात."

तू हं म्हणालीस आणि पातेल्यातले दाणे एकेक करून पुन्हा चाचपायला लागलीस, कुठे साल राहिली असेल म्हणून. आधी तू कधी तपासत नव्हतीस.

तुझी नोकरी घालवली ती घाबरून. हे मात्र घाबरून नव्हतं. तू एक कारण शोधलं होतंस आणि त्यात मी सुटत होतो, म्हणून होतात म्हटलं. तेव्हापासून तो टॉवेल डोळ्यांपुढून जात नाही.

तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. मुक्या कॅलेंडरवर तू बारा दिवस तारखा दिल्यास आणि चुकलीस एकदा. आमच्या अख्ख्या ऑफिसात हे कोणाला जमणार नाही. हे सांगून तुझी खुर्ची परत मिळत नाही, मला माहीत आहे. माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मी घेऊन मोकळा होईन.

एवढंच कर. आईने वाचताना कुठे घसा खाकरला असेल, तर तिला तिथून परत वाचायला लाव. मटाराच्या दिवसापाशी तर नक्कीच.

तुला दिसत नाही याचा फायदा घेतलेला,
डोळ्या