पहिलं नाव

चंद्रपूर, ४ जुलै १९९८

सौ. पार्बता,

मी बरा आहे. धानाचे परे किती वर आले? बाबांचा खोकला थांबला का?

कारखान्यातला संप मिटला. पगारवाढ मिळाली. बदल्यात अकरा माणसं कमी करायची ठरली. साहेब म्हणाले, "नावं संघटनेनंच द्यावीत. आम्ही दिली तर संबंध बिघडतील." चिटणीस म्हणून यादी मी लिहिली.

पहिलं नाव तुझ्या भावाचं, चरणदासचं घातलं. चिटणिसाच्या घरचाच माणूस आधी गेला म्हटल्यावर बाकीच्या दहांना तोंड उघडता आलं नाही. सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

चरणदास सभेला नव्हता; त्याला वाटतं, यादी कंपनीची आहे. काल खोलीवर आला. म्हणाला, "भाऊजी, तुमी असतानी मले कोन काढते? संघटनेले एक अर्ज लिहून द्या, बस." मी लिहून दिला. त्यानं अंगठा लावला, शाई डोक्याला पुसली आणि मलाच चहा पाजला. संघटनेकडे आलेले अर्ज मीच वाचतो.

सोमवारी तो तुझ्याकडे येईल. रोवण्याला घरचा माणूस मिळाला, असं समज. आल्याबरोबर जेवू घाल. माझी तारीफ करेल, ती ऐकून घे.

अर्जाचं उत्तर आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवतो. खाली सही अध्यक्षांची असेल. चरणदास ते तुझ्याकडूनच वाचून घेईल. वाचताना मध्ये थांबू नको.

पोरांना जवळ घे.

तुझा,
मुखरू