पुस्तकात नसलेलं नाव

२६ जानेवारी, मोशी

चाकणजवळच्या ठाकरवाडीत जाऊन हिराला ठाकर आदिवासींवरचं माझं नवं पुस्तक दिलं. अर्धं पुस्तक तिच्या वारलेल्या आईनं मला सांगितलेल्या आठवणींवर उभं आहे.

तिनं पानं चाळली. "सर, आयचं नाव कुठं हाय?"

मी म्हणालो, ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासींत मेलेल्याचं नाव घेत नाहीत, म्हणून आदरानं गाळलं.

"आमी घेतो की."

वीस वर्षं कॉलेजात ऑस्ट्रेलियाचा इतिहास शिकवून ही अक्कल. प्रजासत्ताकात प्रत्येक माणूस मोजला जातो, हे प्रस्तावनेत मीच लिहिलंय. माझं नाव मात्र मुखपृष्ठावर, आत, पाठीवरही.

"थांब, पेनानं लिहून देतो," म्हणत टोपण काढलं आणि थांबलो. माझ्या टिपणांत हिराची आई कायम नुसती 'आजी' होती.

शेवटी हिरालाच विचारावं लागलं.