न दिसणाऱ्यावर उलटवार

२ मार्च २०२५, रविवार

आज लातूरला आले. नांदेडहून सकाळची बस धरली, अहमदपूरला ती पाऊण तास उभी राहिली, तरी मन खुशीत होतं. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी, खाली दोन-दोन फुटांची शहाबादी फरशी. घरमालकीण गुणाबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं की पाणी जपून वापरायचं आणि जेवायला मात्र लाजायचं नाही. लगेच वर भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली. उद्यापासून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये हजर व्हायचं आहे.

खरी खुशखबर वेगळीच. आमच्या गल्लीत शिवांगी नावाची मुलगी अभ्यासिका चालवते. गुणाबाई म्हणाल्या, रविवारी दुपारी तिथं मोठी माणसं फासे टाकून काहीतरी खेळतात, जुगारच असंल. मी जाऊन पाहिलं तर तो आमचाच खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, लढाई आली की चौकटीच्या कागदावर सोंगट्या मांडून वीस बाजूंचा फासा टाकायचा. नांदेडला मी सहा वर्षं खेळले. मग दोघींची लग्नं झाली, एक जण हैदराबादला गेला, डाव मोडला. आज तो फासा हातात घेतला आणि खाली ठेववेना. शिवांगी म्हणाली, पुढच्या रविवारपासून या, अंबिकाताई. खुर्ची रिकामीच आहे.

९ मार्च, रविवार

पहिला डाव झाला. चौघंच आहोत. गोष्ट सांगणारी शिवांगी. व्यंकट, ज्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि ज्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. सिंधु, औशाच्या शाळेत शिक्षिका, बसनं येते. आणि मी.

नियम शिवांगीनं स्वतः मराठीत लिहिलेत, शंभर पानी वहीत. कोणताही खेळ मी एका नियमावरून जोखते. शत्रू दिसतच नसेल तर काय? तेच आधी विचारलं. तिनं वाचून दाखवलं: शत्रू दिसत असेल तर आपली पाळी नसतानाही त्याच्यावर एक उलटवार करता येतो. दिसत नसेल तर उलटवार नाही. आपल्या पाळीला एखादा चौकोन निवडायचा आणि अंदाजानं घाव घालायचा, एवढंच हातात. घाव वाया गेला तर शिवांगी फक्त ‘चुकला’ म्हणणार. तिथं कोणी नव्हतं म्हणून चुकला, की होतं आणि वाचलं, हे ती सांगणार नाही. लपलेल्याची खरी जागा ती चिठ्ठीवर लिहून वाटीखाली झाकून ठेवते.

मला हे फार आवडलं. मग पाहिलं, सिंधुसाठी एक वेगळी ओळ जोडली आहे: वार होण्याआधी ज्याला जागा सांगता आली, त्याला शत्रू दिसला असं धरावं. मी विचारलं, हे कशाला? शिवांगी हसली. बघालच म्हणाली.

पाहिलं. सिंधु कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसते. कोणता फासा कधी टाकायचा हेही तिला विचारावं लागतं. पण आम्ही बुडालेल्या किल्ल्याच्या भुयारात शिरलो आणि मध्येच तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. “इथं हाय.” वाटी उचलली. तिथंच होतं.

१६ मार्च, रविवार

आज तीन वेळा. तिन्ही वेळा बरोबर.

मी आठवडाभर विचार करून एक मुद्दा नेला होता. शत्रू दिसत नाही पण पाऊल वाजलं, तर अर्धा उलटवार का देऊ नये? चांगला मुद्दा आहे. नांदेडला यावर तासभर चर्चा झाली असती. शिवांगीनं हं म्हटलं आणि सिंधुकडं वळून विचारलं, तुला काय वाटतंय, पुढं जावं का? व्यंकटनं चहा आणला तोही आधी तिच्या पुढ्यात ठेवला. ‘आमची सिंधु’ म्हणतात तिला. मला अजून ‘ताई, तुम्ही’.

तिला नियम येत नाहीत. तिला काहीच येत नाही. सहा वर्षं घालवली मी यात.

घरी आल्यावर गुणाबाईंनी विचारलं, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हटलं.

२३ मार्च, रविवार

मला खात्री होती की शिवांगी तिला खूण करते. म्हणून आज सगळ्यांसमोर सुचवलं: एक डाव मी लपवते. चिठ्ठी मी लिहिणार, शिवांगीलाही दाखवणार नाही, आणि सिंधुनं भिंतीकडं तोंड करून बसायचं. व्यंकटला मजा वाटली. सिंधु नको म्हणत होती. मीच हट्ट धरला.

चिठ्ठी लिहून वाटीखाली सारली. सिंधुनं भिंतीकडं तोंड करूनच सांगितलं, तळघर, डावीकडून चौथा. बरोबर. व्यंकट टाळ्या वाजवत उठला. माझ्या पोटात असं काही ओढलं गेलं की मला खाली बघावं लागलं.

वर पाहिलं तेव्हा सिंधु आमच्याकडं बघत नव्हती. खोलीच्या मधोमध, जिथं काहीच नव्हतं तिथल्या फरशीकडं बघत होती. चेहरा पांढरा पडला होता. बस चुकंल म्हणून ती चहा न घेताच गेली. जाताना मात्र मला म्हणाली, पाडव्याला खेळ न्हाई, घरी या जेवायला. कसली माणसं असतात ही. मी तिला खोटी पाडायला बसले होते.

३० मार्च, रविवार, पाडवा

औशाला जाऊन आले. सगळं नीट लिहून ठेवते.

तिच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, पुरणपोळीवर तूप ओतत दोन तास हलू दिलं नाही. मग सिंधु मला किल्ल्याच्या बाजूला फिरायला घेऊन गेली. खंदकाच्या कडेला बसलो. मी सरळ विचारलं, कसं करतेस? तिला बहुधा कोणालातरी सांगायचंच होतं.

ती किनवटकडच्या एका वसतिगृहात शिकली. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सगळं आधी कळायचं. गवतातला साप, अचानक तपासणीला येणाऱ्या बाई. सगळ्या मुली तिच्याभोवती. सिंधुला तिचा राग राग यायचा. एक दिवस तिनं मनातल्या मनात म्हटलं, हिचं जे हाय ते मला दे. त्या दिवसापासून ते सिंधुकडं आहे.

दिसत नाही. आवाज नाही. पण कुठं उभं आहे ते कळतं, आणि काही लपून आपल्याकडं येत असलं की ज्या बाजूनं येतंय त्या बाजूला अंगावरचे केस ओढले जातात. त्यावर आपण उलट काही केलं, हात मारला, सरकलो, नुसतं बोट दाखवलं, की ते एक पाऊल जवळ येतं. वसतिगृहात ते कुंपणापलीकडच्या सागाखाली होतं. सिंधुनं वर्षानुवर्षं उलट काही केलंच नाही. कुत्रं अंगावर आलं तरी चावून घेतलं. खेळातलं धरत नसंल असं तिला वाटलं होतं. धरतं, हे चौथ्या-पाचव्या रविवारी कळलं.

मग थांबली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, “मला पहिल्यांदा कोणी हुशार म्हणलं ताई.”

आता ते आठ फरशांच्या अंतरावर आहे. अगदी जवळ आल्यावर काय होतं, तिला माहीत नाही. तिथवर कोणी नेलंच नाही. सगळ्यांनी आधीच कोणालातरी मागू दिलं. नुसतं मागून येत नाही, दुसऱ्याचं बघून खरंच पोटात दुखलं पाहिजे. ती कोणाला देणार नाही म्हणाली. खेळायलाही येणार नाही. तिनं माझा हात धरला. “तुम्ही मागू नका ताई. तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला.”

लातूरच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. शिवांगीचा मेसेज आला: सिंधु येणार नाही म्हणते, तिच्याशिवाय काय मजा.

तिच्याशिवाय काय मजा.

मी मागितलं.

६ एप्रिल, रविवार

आठ दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं झालंच नव्हतं. मी तर हसून सोडून दिलं होतं.

आज भुयाराच्या वळणावर माझ्या डाव्या दंडावरचे केस उभे राहिले. मी बोट ठेवलं. बरोबर. पुन्हा. पुन्हा. तीन वेळा. शिवांगीनं वाटी उचलली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी फक्त सिंधुकडं बघायची. व्यंकट म्हणाला, “अंबिका, तू तर लई भारी निघालीस की.” अंबिका. तू.

खोलीत आल्यावर कळलं की मी एकटी नाही. दाराच्या आत, माझ्यापासून पाचव्या फरशीवर.

भीती वाटली. पण खोटं कशाला लिहू, आधी आनंद झाला.

९ एप्रिल, बुधवार

लॅबमध्ये मागच्या फळीवरून काचेची बाटली पडली. न बघता हात मागे गेला आणि बाटली हातात. सगळे थक्क झाले. डॉक्टरांनी सर्वांसमोर कौतुक केलं.

चार.

मी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप जातो. सिंधुनं कुत्र्याला चावू कसं दिलं असेल?

१३ एप्रिल, रविवार

सिंधु आज आली. गुलाबी ओढणी, मोकळे केस, भिंतीला पाठ न लावता मध्येच बसली. चौकोन चुकली आणि खळखळून हसली. पुन्हा चुकली. शिवांगी तिच्याबरोबर हसली. व्यंकटनं तिला आपला फासा दिला.

मी दोनदा बरोबर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बस्स. सवय झाली आहे त्यांना.

आता ती चुकते तरी तीच आवडते.

दोन फरशा. मला ठरवून गप्प बसायचं होतं. तिचं हसू ऐकवलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आता ते दाराशीच असतं असं नाही. गॅस पेटवला की ओट्याच्या बाजूला. झोपले की पायाशी. पण दोन फरशा राखून. गुणाबाई भाकरी द्यायला वर आल्या आणि नेमक्या त्या फरशीला वळसा घालून गेल्या. मी विचारलं, असं का चाललात? त्यांना कळलंच नाही, मी काय विचारते ते.

रविवारी तोंड उघडायचं नाही. ठरलं.

२० एप्रिल, रविवार

तोंड उघडलं नाही. शपथ. पण व्यंकटनं गंमत म्हणून मागून कागदाचा बोळा मारला आणि मी मान वळवली. तेवढ्यानं.

एक.

खेळ संपल्यावर सिंधुनं मला बाजूला घेतलं. तिला समजलं होतं. रागावली नाही. म्हणाली, खरं सांगू का, मला त्याच्यावाचून जरा चुकल्यासारखं वाटतंय, तुमच्याकडं सगळे बघतात तेव्हा पोटात दुखतंय. “मागू का परत? आत्ता मागितलं तर येईल. मी सांभाळीन, कुणाला न देता.”

हो म्हणायचं होतं. मागं शिवांगी उभी होती, सिंधुची वाट बघत, दोघी मिळून उसाचा रस प्यायला जाणार होत्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, सगळंच तुला पाहिजे का? हे माझं आहे. आणि असं काही बोलले जे इथं लिहिणार नाही. ती रडत गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

लॅबला गेले नाही. बाहेर पडलं की काहीतरी येणार, हात जाणार.

हलायचं नाही. माशी बसली तरी बसू द्यायची.

सिंधुला फोन लावला. उचलत नाही. तिचं बरोबर आहे.

२३ एप्रिल, बुधवार

उचलला. माफी मागितली. माग म्हटलं, आत्ता माग, माझ्यादेखत माग. ती फोनवरच मागत राहिली, पुन्हा पुन्हा, मी ऐकत होते.

गेलं नाही.

मग ती म्हणाली, “येत न्हाई ताई. मला आता तुमचा हेवा वाटतच न्हाई. कीव येती.”

मी म्हटलं, कर ना थोडा. माझी नोकरी बघ. खोली बघ. डॉक्टर काय म्हणाले ते ऐक.

ती रडत होती. मी माझी फुशारकी सांगत होते.

२४ एप्रिल, गुरुवार, दुपार

सिंधु निघाली आहे औशाहून. तुमच्याजवळ बसते म्हणाली. तासाभरात —

भिंतीला पाठ लावून बसले आहे. मागं जागाच नाही. मागून काही येणार नाही, मी वळणार नाही.

समोरची फरशी. एक. तिथं आहे.

लिहीत राहिलं की हात गुंतलेला राहतो. म्हणून —

जिन्यावर पावलं. सिंधु असेल. इतक्या लवकर? बस —

दार वाजत नाही. पावलं थांबली. उजव्या हाताचे केस ओढले जातायत, दाराकडे. सिंधु असती तर केस का —

बघायचं नाही. बघणं म्हणजे सुद्धा —

बघितलं.

दारात कोणी नाही. समोरच्या फरशीवर कोणी नाही. आता कुठंच जाणवत नाही. गेलं? गेलं बहुतेक. सिंधुनं मागितलं असेल, बसमध्ये, तिला वाटला असेल हेवा, थोडासा तरी —

पंखा फुल आहे. वहीची पानं मघापासून फडफडतायत, डाव्या हातानं दाबून धरली होती. आता डावा हात मांडीवर आहे.

पान फडफडत नाही. कोणीतरी ते